छोट्या उड्डाणांवर पॉइंट: कुठे खर्चायचे आणि कुठे हात आखडायचा

विमान कंपन्यांचे पॉइंट (प्रवासावर किंवा कार्डाच्या खर्चावर मिळणारे आणि तिकिटासाठी वापरता येणारे) साठवायला लागलं की पहिला सल्ला हाच मिळतो: लांबच्या प्रवासासाठी, बिझनेस क्लाससाठी जपून ठेव. मीही तो मुकाट्याने ऐकला आणि चार वर्षं एका पॉइंटला हात लावला नाही. त्या काळात तासाभराच्या उड्डाणांसाठी मी ऐनवेळी खिशातून भरमसाट पैसे मोजले. इकडे खात्यातल्या पॉइंटची किंमत कंपनीने दोनदा उतरवली. लांबचा प्रवास ठरला तेव्हा हवी ती सीट मिळालीच नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. दिसेल त्या छोट्या उड्डाणावर पॉइंट उडवायला लागलो. तिकीट फुकट आल्यासारखं वाटायचं. एकदा बसून हिशेब मांडला तेव्हा कळलं, की ज्या तिकिटांवर मी पॉइंट घातले होते त्यातली निम्मी रोखीत इतकी स्वस्त होती की पॉइंट जवळजवळ फेकूनच दिले होते.

दोन्ही चुका करून झाल्यावर हाती लागलं ते एवढंच. रोख तिकिटाचा भाव गर्दीवर ठरतो, आणि काही कंपन्यांच्या पॉइंट-योजनांमध्ये पॉइंटचा भाव अंतरावर ठरतो. सुट्टी आली म्हणून दोन शहरांमधलं अंतर काही वाढत नाही. या दोन भावांमध्ये जी फट पडते ती कशी शोधायची, हे खाली क्रमाने सांगतो.

आधी हाताशी काय हवं

- तुमच्या सगळ्या योजनांचे सदस्य क्रमांक आणि पासवर्ड एका जागी. ऐनवेळी पासवर्ड विसरला म्हणून सीट गेलेली मी पाहिली आहे.
- प्रत्येक खात्यातले पॉइंट आणि ते कधी बाद होतात त्याची तारीख.
- बँकेच्या कार्डावरचे पॉइंट कोणकोणत्या विमान योजनांत वळवता येतात त्याची यादी.
- दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारी साइट. मी ग्रेट सर्कल मॅपर वापरतो. विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकले की अंतर येतं.
- सीट्स डॉट एअरो किंवा पॉइंट डॉट मी यांसारखं शोधसाधन. नसलं तरी चालेल, फक्त शोधायला जास्त वेळ लागेल.
- प्रवाशाचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच्या तसं. खात्यातलं नाव आणि ओळखपत्रातलं नाव जुळत नसेल तर ते आजच दुरुस्त करून घ्या.
- कॅल्क्युलेटर.

१. तुमचे पॉइंट कोणत्या जातीचे आहेत ते ओळखा

सगळे पॉइंट दिसायला सारखे असले तरी त्यांचे तीन प्रकार पडतात, आणि छोट्या उड्डाणांसाठी हा फरक सगळ्यात महत्त्वाचा.

पहिला प्रकार रोख भावाला बांधलेला. जेटब्लू या अमेरिकी कंपनीची योजना साधारण अशी चालते; साउथवेस्टचीही २०२५ पर्यंत अशीच होती. तिकीट महागलं की पॉइंटही त्याच प्रमाणात जास्त लागतात. यात घबाड मिळत नाही आणि मोठी फसगतही होत नाही. असे पॉइंट असतील तर फार डोकं लावू नका, गरज पडेल तेव्हा वापरा.

दुसरा प्रकार बदलत्या भावाचा. डेल्टाने २०१५ मध्ये आपला दरतक्ता, म्हणजे कोणत्या प्रवासाला किती पॉइंट याचा ठरलेला तक्ता, काढून टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये. आता तिथे उड्डाणागणिक वेगळा आकडा दिसतो. तो रोख भावाच्या मागे धावतो, पण अगदी काटेकोरपणे नाही. कधीकधी चांगला भाव सापडतो, मात्र तो सापडेपर्यंत दिसत नाही.

तिसरा प्रकार दरतक्त्याचा, आणि आपल्याला रस आहे तो इथेच. यातले काही तक्ते प्रदेशांनुसार असतात, काही अंतरानुसार. ब्रिटिश एअरवेजच्या योजनेत (तिच्या पॉइंटना एव्हिओस म्हणतात) अंतराचा पहिला टप्पा ६५० मैलांपर्यंत आहे, दुसरा १,१५१ पर्यंत. कॅथे पॅसिफिक या कंपनीचा सर्वांत लहान टप्पा ७५० मैलांचा. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन योजनेत उत्तर अमेरिकेतल्या प्रवासाचे टप्पे ५००, १,५०० आणि २,७५० मैलांवर बदलतात. क्वांटास आणि अलास्का एअरलाइन्सही अंतर पाहतात. छोट्या उड्डाणाला या तक्त्यांत तळाचा भाव लागतो.

प्रदेशांनुसार तक्ता असेल तर बहुतेक वेळा उलटं घडतं. एका मोठ्या प्रदेशात तासाचं उड्डाण आणि पाच तासांचं उड्डाण एकाच भावाला बसतात, म्हणजे तासाच्या उड्डाणावर तुम्ही पाच तासांचे पॉइंट देता. असे पॉइंट लांबच्या मार्गासाठी राखलेलेच बरे.

२. अंतर मोजा, आणि टप्प्याची कड पाहा

हे अंतर मैलांत मोजतात. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. विमान प्रत्यक्षात कुठून वळसा घेतं याच्याशी संबंध नाही, दोन विमानतळांमधलं पृथ्वीच्या गोलावरचं सरळ अंतर धरतात.

सिडनी ते मेलबर्न सुमारे ४४० मैल, हाँगकाँग ते तैपेई सुमारे ५००. दोन्ही पहिल्या टप्प्यात आरामात बसतात. अडचण येते ती कडेवर. टप्पा ६५० ला संपत असेल आणि तुमचं अंतर ६६० भरत असेल तर त्या दहा मैलांसाठी पुढच्या टप्प्याचा पूर्ण भाव पडतो. अशा वेळी त्याच शहराचा दुसरा विमानतळ किंवा शेजारचं शहर घालून पाहा. मोठ्या शहरांना दोन-तीन विमानतळ असतात आणि त्यांच्यातल्या फरकाने टप्पा बदलू शकतो.

दुसरी गोष्ट, थांबा घेऊन जाणाऱ्या प्रवासाची. काही योजना प्रत्येक उड्डाणाचे पॉइंट वेगळे लावून बेरीज करतात. ब्रिटिश एअरवेज भागीदार कंपन्यांच्या (ज्यांच्या सीट तिच्या पॉइंटवर मिळतात अशा) उड्डाणांवर असं करते. काही योजना सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं एकूण अंतर धरतात, एरोप्लॅन त्यातली. समजा ५०० मैलांची दोन उड्डाणं जोडायची आहेत. पहिल्या पद्धतीत पहिल्या टप्प्याचा भाव दोनदा मोजावा लागेल, दुसऱ्या पद्धतीत एकूण १,००० मैलांचा एकच भाव. म्हणून थेट उड्डाण असेल तर पहिल्या पद्धतीची योजना, जोडउड्डाण असेल तर दुसरी. नवखे लोक इथे हमखास गोंधळतात आणि "यांचे पॉइंट महाग आहेत" म्हणून चांगली योजना सोडून देतात.

३. हजार पॉइंटमागे काय मिळतं ते काढा

देशोदेशीची चलनं वेगळी, म्हणून हिशेबापुरतं आपण 'नाणं' नावाचं काल्पनिक चलन धरू. सूत्र साधं आहे: रोख तिकिटाच्या भावातून पॉइंट-तिकिटावर भरावे लागणारे कर-शुल्क वजा करा, उरलेल्याला लागणाऱ्या पॉइंटनी भागा. आकडा फार बारीक येतो, म्हणून मी हजार पॉइंटमागे किती नाणी ते बघतो.

समजा ४०० मैलांच्या उड्डाणाला ६,००० पॉइंट आणि १५ नाणी शुल्क आहे. एरवीच्या मंगळवारी, आधी काढलं तर रोख तिकीट ६० नाण्यांना मिळतं. ६० वजा १५ म्हणजे ४५. हजारामागे साडेसात नाणी. आता तेच उड्डाण जोडून सुट्टी आलेल्या शुक्रवारी संध्याकाळचं घ्या. रोख भाव १९५. त्यातून १५ वजा जाता १८०. हजारामागे ३० नाणी. विमान तेच, सीट तीच, पॉइंटही तितकेच, आणि मोल चौपट.

यात दोन दुरुस्त्या करायच्या राहिल्या. रोख तिकिटावर नवे पॉइंट मिळतात, पॉइंट-तिकिटावर सहसा मिळत नाहीत. नाण्यामागे ५ पॉइंट मिळत असतील तर १९५ च्या तिकिटावर ९७५ पॉइंट आले असते. ते बुडाले, म्हणून भागताना ६,००० ऐवजी ६,९७५ धरा. उत्तर ३० वरून सुमारे २६ वर येतं. तरीही झकास, पण खरं उत्तर हे.

दुसरी दुरुस्ती जास्त बोचरी आहे. तुम्ही खरोखर १९५ नाणी दिली असती का? नसती दिली, सकाळच्या ८० नाण्यांच्या विमानाने गेला असता, किंवा रेल्वेने गेला असता, तर तुलना त्या भावाशी करा. पॉइंट उधळणारे सगळे इथेच स्वतःला फसवतात. सगळ्यात महाग तिकिटाशी तुलना करून "बघा, केवढी बचत" म्हणायचं, ही बचत नुसती कागदावरची.

आता स्वतःसाठी एक किमान आकडा ठरवा. गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच योजनेचे पॉइंट तुम्ही सरासरी कोणत्या भावाने वापरले, किंवा कंपनी ते विकते तेव्हा सवलतीत काय भाव लावते, यावरून अंदाज येतो. त्या आकड्याच्या खाली गेलं की रोखीत तिकीट काढायचं. मी हा आकडा कागदावर लिहून ठेवला आहे. तोंडी ठेवला तर मोहाच्या क्षणी तो खाली सरकतो.

४. फट कुठे पडते

रोख भाव उसळतो आणि तक्त्यातला भाव जागीच राहतो, अशा जागा ठरलेल्या आहेत.

प्रवासाच्या आदल्या आठवड्यात रोख भाव चढतो, कारण तेव्हा कामासाठी जाणारा माणूस शोधत असतो आणि तो घासाघीस करत नाही. पण विमानात जागा रिकामी राहणार असं दिसलं तर कंपन्या त्याच दिवसांत काही पॉइंट-सीटही मोकळ्या करतात. पूर्वी अमेरिकन एअरलाइन्स अशा ऐनवेळच्या बुकिंगला ७५ डॉलर जादा घ्यायची. ते शुल्क तिने २०२० मध्ये काढून टाकलं. तुमच्या योजनेत तसं शुल्क अजून आहे का ते पाहून घ्या, कारण छोट्या तिकिटाचा सगळा फायदा ते गिळू शकतं.

जिथे एकच कंपनी उडते असे लहान विमानतळ. स्पर्धा नाही, रोख भाव बारमाही चढा, आणि तक्त्याला त्याची खबर नाही. माझ्या मते छोट्या उड्डाणांतली ही सर्वांत चांगली जागा आहे, आणि सर्वांत दुर्लक्षित. दोन मोठ्या शहरांमध्ये पाच कंपन्या एकमेकींचे भाव पाडत असतात. तिथे पॉइंट वापरणं म्हणजे स्वस्ताईच्या बाजारात सोनं मोडणं.

एकेरी प्रवास. काही पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्यांचं एकेरी रोख तिकीट परतीच्या तिकिटाच्या निम्म्याहून बरंच महाग असतं. पॉइंटमध्ये एकेरी म्हणजे बहुतेक ठिकाणी बरोबर निम्मं. एका बाजूला गाडीने जायचं आणि परत विमानाने यायचं असेल तेव्हा हे आठवा.

आणि सुट्ट्या. इथे मात्र सीट आधीच संपतात, म्हणून लवकर बघायला लागतं. ब्रिटिश एअरवेजवर बुकिंग ३५५ दिवस आधी उघडतं, अमेरिकन एअरलाइन्सवर ३३१ दिवस आधी. चौघांचं कुटुंब असेल तर त्याच आठवड्यात शोधा. नंतर एक-दोन सीट मिळतात, चार मिळणं कठीण.

५. तीच सीट, दुसरं दुकान

ज्या कंपनीच्या विमानात बसायचं तिचेच पॉइंट असले पाहिजेत, असं नाही. स्टार अलायन्स १९९७ मध्ये, वनवर्ल्ड १९९९ मध्ये आणि स्कायटीम २००० मध्ये सुरू झाली. या गटांतल्या कंपन्या एकमेकींच्या सीट आपापल्या पॉइंटवर देतात, आणि गटाबाहेरही दोन-दोन कंपन्यांचे करार असतात.

अमेरिकन एअरलाइन्सची एखादी छोटी उड्डाण-सीट तिच्या स्वतःच्या योजनेत बदलत्या भावाला दिसत असेल, आणि तीच सीट एव्हिओस, अलास्का किंवा क्वांटासच्या पॉइंटवर तक्त्याच्या भावाने मिळू शकते. जपानमधली देशांतर्गत जपान एअरलाइन्सची उड्डाणंही बाहेरचे लोक असेच भागीदारांच्या पॉइंटवर घेतात.

अट एक: भागीदाराला फक्त तीच सीट दिसते जी कंपनीने सर्वांत स्वस्त पॉइंट-वर्गात मोकळी केली आहे. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर सीट आहे म्हणून भागीदाराकडे असेलच असं नाही. म्हणून आधी कंपनीच्या साइटवर सर्वांत कमी पॉइंटवाला भाव दिसतो का पाहा. तो दिसला तर भागीदाराकडे जा.

एव्हिओसची गंमत निराळी. हे चलन ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, एअर लिंगस, वुएलिंग, कतार एअरवेज आणि फिनएअर अशा अनेक योजनांत चालतं, आणि खाती एकमेकांना जोडून एव्हिओस इकडून तिकडे नेता येतात. पण त्याच उड्डाणाला प्रत्येक योजना वेगळे पॉइंट आणि वेगळं शुल्क लावू शकते. पाच मिनिटं जास्त घालवून दोन-तीन ठिकाणी भाव पाहिला तर वेळ वाया जात नाही. खाती मात्र गरज पडण्याआधीच उघडून, जोडून ठेवा. नवं खातं लगेच जोडू देतीलच असं नाही, आणि नाव किंवा जन्मतारखेत एका अक्षराचा फरक असला तरी जोडणी अडते.

तक्तेही अमर नसतात. २०१६ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश एअरवेजने अमेरिकेच्या उड्डाणांवरचा ४,५०० एव्हिओसचा सर्वांत स्वस्त टप्पा काढून टाकला. छोट्या उड्डाणांसाठी वर्षानुवर्षं साठा करणाऱ्यांचं गणित एका दिवसात बिघडलं. पुढच्या वर्षभरात वापरणार असाल तेवढेच पॉइंट एका योजनेत ठेवा, उरलेले बँकेकडे राहू द्या.

६. कर आणि शुल्क: छोट्या तिकिटाचं मोठं दुखणं

लांबच्या उड्डाणावर चाळीस डॉलरचं शुल्क कोणाच्या लक्षातही येत नाही. तासाभराच्या उड्डाणावर तेच शुल्क अर्धं तिकीट असतं. एरोप्लॅन इंधन अधिभार लावत नाही, हे तिचं मोठेपण. पण भागीदार कंपनीच्या उड्डाणावर ३९ कॅनेडियन डॉलरचं बुकिंग शुल्क घेते. स्वस्त छोट्या उड्डाणात तिथेच गणित संपतं.

पडद्यावर 'कर व शुल्क' म्हणून एकच आकडा दिसतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, सरकारचा आणि विमानतळाचा आकार, जो कोणालाही चुकत नाही. दोन, कंपनीने स्वतः लावलेला अधिभार, ज्याला ती कधी इंधनाचं नाव देते. तपशील उघडला तर हा दुसरा प्रकार बहुधा वायक्यू किंवा वायआर या कोडने दिसतो. हाच आकडा योजना बदलून टाळता येतो.

अमेरिकेतल्या देशांतर्गत पॉइंट-तिकिटावर साधारण ५.६० डॉलरचं सुरक्षा शुल्क एका बाजूला पडतं, बाकी काही नाही. ब्रिटनमधून निघताना प्रवासी कर लागतो, ब्रिटनमध्ये येताना लागत नाही. इकॉनॉमीतल्या १६ वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे. म्हणजे जायचं रोखीत आणि यायचं पॉइंटवर, किंवा उलट, असा एकेक बाजूचा हिशेब वेगळा करून पाहण्यात अर्थ आहे. परतीचं तिकीट एकदम काढायची सवय असेल तर ती इथे सोडा.

७. थोडे पॉइंट, थोडे पैसे

काही योजना एकाच सीटसाठी तीन-चार पर्याय दाखवतात: जास्त पॉइंट आणि नाममात्र शुल्क, किंवा कमी पॉइंट आणि जास्त पैसे. ब्रिटिश एअरवेजच्या छोट्या उड्डाणांवर हे नेहमी दिसतं. बहुतेक लोक सर्वांत कमी पैशांचा पर्याय दाबतात, कारण तो 'फुकट' वाटतो.

आपल्या काल्पनिक नाण्यात उदाहरण. रोख तिकीट ७५ नाणी. पर्याय असे:

- ९,००० पॉइंट आणि १ नाणं
- ६,००० पॉइंट आणि २२ नाणी
- ३,५०० पॉइंट आणि ५० नाणी

सरसकट हिशेब केला तर हजारामागे अनुक्रमे ८.२, ८.८ आणि ७.१ नाणी. तुमची किमान रेषा ८ असेल तर पहिले दोन्ही पर्याय पास होतात. पण खरा प्रश्न निराळा आहे: ६,००० वरून ९,००० वर जाताना जे ३,००० पॉइंट वाढतात ते काय वाचवतात? २१ नाणी. म्हणजे हजारामागे ७. रेषेखाली! पहिल्या पर्यायाचा सरासरी आकडा चांगला दिसतो तो त्यातल्या पहिल्या ६,००० पॉइंटच्या जिवावर. शेवटचे ३,००० तुम्ही तोट्यात दिले. उलट ३,५०० वरून ६,००० वर जाताना वाढलेले २,५०० पॉइंट २८ नाणी वाचवतात, हजारामागे ११.२. तिथे ते जरूर घाला.

म्हणून पायरी पायरीने मोजा, एकदम नाही. मला हे उमगायला दोन वर्षं लागली, आणि तोवर मी नेमाने पहिला पर्याय दाबत होतो.

८. पॉइंट वळवण्याआधी सीट खरी आहे ना ते पाहा

ही माझी सर्वांत महागडी चूक. एका योजनेच्या साइटवर भागीदार कंपनीची सीट स्वच्छ दिसत होती. मी बँकेतले पॉइंट तिकडे वळवले, बुकिंग दाबलं, आणि 'तांत्रिक अडचण' असा संदेश आला. तीनदा, चारदा. फोनवर कळलं की ती सीट मुळात नव्हतीच. जुनी माहिती पडद्यावर अडकून राहिली होती. पॉइंट मात्र वळले होते, आणि बँकेकडे परत जायचा रस्ता नव्हता. सवयीचे लोक याला भुताची सीट म्हणतात.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. सीट किमान दोन वेगळ्या योजनांच्या साइटवर दिसली पाहिजे. बुकिंग शेवटच्या, पैसे भरायच्या पानापर्यंत नेऊन पाहायचं. तिथवर गेलं तर सीट बहुतेक खरी. शंका असेल तर फोन करून विचारायचं, आणि ती योजना सीट काही तास धरून ठेवत असेल तर धरून ठेवायला सांगायचं. मगच पॉइंट वळवायचे. वळवायला किती वेळ लागतो हेही आधी माहीत हवं. काही ठिकाणी क्षणात जातात, काही ठिकाणी दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट जाते. बहुतेक बँका हजाराच्या पटीत वळवतात, तेव्हा गरजेपुरतेच वळवा.

९. रद्द करायची मुभा वापरा

अनेक कंपन्यांची स्वस्त रोख तिकिटं परत करता येत नाहीत, पण त्याच उड्डाणाचं पॉइंट-तिकीट थोड्या शुल्कात किंवा फुकट रद्द होतं. अमेरिकन आणि युनायटेड यांनी पॉइंट परत खात्यात टाकण्याचं शुल्क काढून टाकलं आहे. अशा योजनेत सुट्टीचं तिकीट वर्षभर आधी पॉइंटवर धरून ठेवता येतं, आणि पुढे रोख भाव पडला तर पॉइंट-तिकीट रद्द करून रोखीत घेता येतं. बेत नक्की नसेल तेव्हा या मुभेलाही किंमत आहे. हजारामागचा आकडा रेषेच्या किंचित खाली असला तरी मी तेव्हा पॉइंटच वापरतो.

फक्त रद्द करण्याची मुदत बघा. काही ठिकाणी उड्डाणाच्या २४ तास आधीपर्यंत, काही ठिकाणी निघेपर्यंत. आणि न कळवता गैरहजर राहिलात तर पॉइंट बुडू शकतात.

१०. बिझनेस क्लास आणि सामान

युरोपातल्या छोट्या उड्डाणांवरचा बिझनेस क्लास म्हणजे बहुतेक कंपन्यांत तीच इकॉनॉमीची खुर्ची, मधली जागा रिकामी. तासाभरासाठी दुप्पट पॉइंट देण्यात मला राम वाटत नाही. सामान जड असेल आणि लाउंजमध्ये चार तास काढायचे असतील तर वेगळी गोष्ट.

सामानाचं मात्र नीट वाचा. रोख तिकीट हातसामानापुरतं आणि पॉइंट-तिकिटात बॅग धरलेली, किंवा याच्या उलट, असं असू शकतं. तुलना करताना दोन्हीकडे बॅगेचा भाव मिळवा. नाहीतर तिसऱ्या पायरीतला सगळा हिशेब फुकट.

११. लांबच्या प्रवासाला जोडायचं छोटं उड्डाण

लांबचं तिकीट दुसऱ्या शहरातून स्वस्त मिळतंय, तिथवर जायला छोटं उड्डाण हवंय, हा पॉइंटचा आवडता उपयोग. चांगला आहे, पण दोन तिकिटं वेगळी असतात हे विसरू नका. पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं सुटलं तर दुसऱ्या कंपनीची काहीच जबाबदारी नाही. सामानही बहुधा मध्येच उचलून पुन्हा द्यावं लागतं. मी आदल्या दिवशी पोहोचतो. शक्य असेल तर लांबच्या पॉइंट-तिकिटातच ते छोटं उड्डाण घालून बघा; एकूण अंतर धरणाऱ्या योजनेत त्याने टप्पा बदलत नसेल तर एकही पॉइंट वाढत नाही.

१२. तिकीट हातात आल्यावर

भागीदारामार्फत काढलेल्या तिकिटाला दोन बुकिंग क्रमांक असू शकतात: एक तुमच्या योजनेचा, दुसरा प्रत्यक्ष उडणाऱ्या कंपनीचा. दुसरा मागून घ्या, कंपनीच्या साइटवर टाका आणि तिकीट क्रमांक दिसतो का बघा. तेरा आकडी तिकीट क्रमांक नसेल तर बुकिंग अर्धवट आहे. लगेच फोन करा. सीटही तिथेच निवडा. दर महिन्याला एकदा डोकावा, कारण छोट्या उड्डाणांच्या वेळा सारख्या बदलतात. बदल मोठा असेल तर अनेकदा दुसऱ्या वेळेचं विमान जादा पॉइंट न देता मागता येतं.

आणि विमान रखडलं तर पॉइंट-तिकीट म्हणून गप्प बसू नका. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम पॉइंट योजनेतून काढलेल्या तिकिटांनाही लागू आहे. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या आवाक्यातलं असेल, तर भरपाई २५० युरो, तीही पैशांत. दावा प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीकडे करायचा, पॉइंट देणाऱ्या योजनेकडे नाही. बोर्डिंग पास आणि उशिराचा संदेश जपून ठेवा.